अनोळखी विनंती

"बाबा, दळवीकाका गेले," मी फोन ठेवत म्हणालो.

बाबांनी टेबलावरच्या बुद्धिबळाच्या पटाकडे पाहिलं. चार महिन्यांपूर्वीचा डाव तसाच मांडलेला होता.

"माझ्यावर रुसूनच गेला. एवढं काय केलं होतं रे मी? रोज पाचला कॉम्प्युटरवर चाल पाठवायचा, मग एकदम बंद."

चालींसाठी दळवीकाकांनी स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. चार महिने? तेव्हाच तर मी बाबांच्या कॉम्प्युटरवर बाहेरून येणारं अनोळखी काहीही अडवणारी फायरवॉल टाकली होती. पाच-सहा पारखून, सगळ्यात कडक निवडली होती.

मी तिच्या नोंदी उघडल्या. रोज संध्याकाळी पाचला एकच प्रोग्राम आत येऊ पाहत होता आणि रोज त्याला नकार मिळत होता. शेवटची नोंद गेल्या मंगळवारची होती.

"बाबा, 'आत येऊ द्यायचं का' विचारणारी ती लाल खिडकी यायची, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"त्यात नुसते आकडे असायचे. तूच सांगितलं होतंस ना, ओळखीचं नसेल तर 'नाही' दाबायचं." बाबांचा चेहरा जरासा उजळला. "एक दिवस चुकलो नाही बघ."