चावरा चोर

“कुणाला खरं वाटणार नाही, पण तिघा चोरांना एकट्यानं लोळवलं!” भाची वर्कशॉपमध्ये शिरताच फिटरमामांनी तोफ डागली. तिची नवीकोरी कार्बनची सायकल त्यांनी फोटो काढून मिरवायला मागून आणली होती. उद्या तिची शर्यत, आणि सायकलच्या सांगाड्याची नळी चिरडलेली. “पहिल्याचे दात घशात घातले. दुसऱ्याच्या बरगड्या कडाकडा मोडल्या. तिसऱ्याचं थोबाड फोडलं, रक्ताचा सडा पडला, तरी मेल्यानं सायकल सोडली नाही. उलट नळीलाच चावला! हे बघ दातांचे वण!” भाचीनं नळीवरून बोट फिरवलं. दोन्ही बाजूंना सारखे, सरळ चरे होते. तिनं मामांच्या मोबाइलमधला फोटो मोठा केला. “मामा, या सायकलला स्टँड नसतो. मग फोटोत रुमालाआड हिला धरलंय कुणी?” मामा खोकले. तिनं टेबलावरच्या, वस्तू आवळून धरणाऱ्या लोखंडी शिकंज्याचा दांडा फिरवून जबडा उघडला. “हाच ना तुमचा चावरा चोर?”