व्हरांड्यातली सही

अमेरिकेतल्या एका काउंटी कोर्टाच्या व्हरांड्यात एका सूटवाल्याने फायलींच्या गठ्ठ्यातून वर्नेलचं नाव पुकारलं. कोर्टाचाच माणूस समजून ती धडपडत उठली. “साहेब, नवऱ्याच्या इस्पितळाचं बिल आहे ते. तो गेला. कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यातला माझा पगार कापलात, तर घरभाडं कुठून भरू?” “इथे सही करा, थोडा थोडाच कापू. आत गेलात तर सगळा जाईल.” त्याच्याच पेनाने तिने सही केली, वर आभारही मानले. ती आत गेली, तेव्हा न्यायाधीशबाई तिच्या आधीच्या म्हाताऱ्याला सांगत होत्या, “काका, राज्याचा नवा कायदा आलाय, मूळ बिल दाखवल्याशिवाय वसुली नाही. वसुलीवाल्यांनी ते दाखवलं नाही. दावा फेटाळला, घरी जा.” वर्नेल पुढे झाली. “माझंही कुठे दाखवलंय, बाईसाहेब?” न्यायाधीशबाईंनी तिच्या सहीचा कागद उलटला. “आता गरजच नाही. देणं कबूल केलंत तुम्ही. सही तुमचीच ना?” वसुलीवाल्यांच्या बाकावरून सूटवाला म्हणाला, “बाई, माझं पेन राहिलंय तुमच्याकडे.”