आत्याचा माग

घरच्यांशी भांडून गेलेली बाबांची धाकटी बहीण कुठे असते, कुणालाच ठाऊक नव्हतं. "एकदा तिचा आवाज ऐकव रे," बाबा म्हणाले आणि माझ्या अंगात संशोधक संचारला. जन्म-विवाहाच्या जुन्या नोंदी चाळताना मी बायकोलाही तोंड उघडू देत नसे. अनोळखी नंबरावरून फोन आला, की न उचलताच ब्लॉक करून टाकायचो.

वर्षभराने आत्याच्या सासरचा माग लागला. तिच्या सुनेने आत्याचा नंबर पाठवला. मी बाबांना शेजारी बसवलं, "याला म्हणतात चिकाटी!" असं ऐकवलं आणि ऐटीत फोन लावला.



स्क्रीनवर आलेली ओळ बाबांनीच चष्मा सावरत मोठ्याने वाचली, "हा नंबर तुम्ही ब्लॉक केलेला आहे."