लाइलच्या हलक्या गोळ्या

"हे तुझं नाही, लाइल," डेल्मर म्हणाला आणि त्याने टेबलावर एक काडतूस उभं केलं. "निदान मला तरी पटत नाही."

"माझंच आहे," लाइल ब्रेक्के म्हणाला.

रविवारची प्रार्थना आटोपून नेमबाजी क्लबच्या हॉलमध्ये तीसेक माणसं जमली होती. कॉफी तशीच गार होत होती. लाइलचा डावा हात पट्टीत गुंडाळलेला होता आणि त्यातली दोन बोटं आता नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी सरावाच्या वेळी त्याचं रिव्हॉल्व्हर हातातच फुटलं होतं. वरचा तुकडा छप्पर फोडून गेला. कुणी वाकून बघत असतं तर क्लबला एक कबर खणावी लागली असती.

डेल्मर शुल्ट्झ क्लबचा अध्यक्ष. माणूस सावध, ताकसुद्धा फुंकून पिणारा.

"त्या दिवशीच्या डब्यातलं हे," तो म्हणाला. "यातलंच एक मी उघडून तोललं. गोळी हलकी, शिशाची. खाली चिमूटभर तेज दारू. तू तर जन्मभर जड गोळीवाला आणि फुगीर दारूवाला. का, ते तूच आम्हाला शिकवलंस."

शिकवलं होतंच. एकोणीस वर्षं लाइल या क्लबात नवख्यांना घरच्या घरी काडतुसं भरायला शिकवत होता. बंदुकीची तेज दारू थोडीच लागते. चुकून दोनदा पडली तरी काडतुसाच्या पितळी नळीत मावून जाते आणि भरणाऱ्याला पत्ता लागतो तो बंदूक फुटल्यावरच. फुगीर दारू दोनदा घातली तर टेबलभर सांडते, आंधळ्यालाही कळतं. हा त्याचा पहिला धडा. दुसरा धडा असा, की दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालायचं नाही, मग तो कुणी का असेना.

"मनगट दुखतं," लाइल म्हणाला. "जड गोळीचा धक्का सोसत नाही. म्हणून हलकी घेतली आणि दारू दोनदा पडली. झालं समाधान?"

"आमच्या हलक्या गोळ्यांना तू वाटाणे म्हणायचास," मागून व्हर्न ओस्टबी म्हणाला. चाळीस वर्षं जुना दोस्त, त्याला कुणी अडवणार नव्हतं.

"म्हणायचो. आता मीही वाटाण्यांवर आलो. हस पोटभर."

व्हर्न हसला नाही. मनगटाचं खोटं नव्हतं. दोन वर्षं झाली, दाढी करतानासुद्धा लाइलच्या मनगटातून कळ जायची. हे चारचौघांत बोलावं लागलं म्हणून त्याचे कान लाल झाले होते. मान मात्र ताठच होती.

"हे बघ," व्हर्न जवळ येऊन म्हणाला, "बाजारात कुणाकडून आयती घेतली असशील तर नाव सांग. चूक त्याची ठरेल. वर्ग तुझ्याकडे राहील."

"मी? आयती?" लाइल उठून उभा राहिला. "पुन्हा विचारून बघ, म्हणजे उरलेल्या हाताने उत्तर देतो."

"कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतोस?" डेल्मर म्हणाला. "तूच भरलं असशील तर मला वर्ग काढून घ्यावा लागेल. हात वर करून मत घेऊ आपण."

"मतं कशाला? उगाच तुमचे हात दुखतील."

लाइलने खिशातून वर्गाच्या खोलीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. त्या खोलीइतकं स्वतःचं असं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. पण दया करायला कुणी पुढे आलं असतं तर त्याने त्याला तिथेच फटकारलं असतं.

"नव्या मास्तराला म्हणावं, पहिल्या दिवशी माझं नाव घे," तो म्हणाला. "ब्रेक्केने दारू दोनदा घातली आणि बोटं घालवली, असं नीट सांग. मी मागच्या बाकावर बसून ऐकीन. फक्त एक करा. गोळी हलकी होती, हे या दारातून बाहेर जाता कामा नये. बायकोलासुद्धा कुणी सांगायचं नाही."

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. म्हातारा मोडेल, पण ताठा सोडणार नाही. डेल्मरने हसू दाबलं आणि शब्द दिला. मग एकेकाने मान हलवली.

काडतुसांचा डबा मागून घेऊन लाइल निघाला. व्हर्न दारापर्यंत आला, तोवर लाइलने ट्रक सुरू केला. नदीच्या पुलावर तो क्षणभर थांबला आणि डबा पाण्यात टाकून घरी आला.

अर्डिस स्वयंपाकघरात ॲपल पायसाठी पीठ मळत होती. नवऱ्याचा चेहरा बघूनच तिला कळलं.

"काढून घेतला ना वर्ग? त्या डेल्मरला आता माझी ॲपल पाय मिळणार नाही, सांगून ठेवते."

"त्याचं बरोबर आहे. चूक माझी होती."

"तुझी चूक एवढीच, की माझं ऐकलं नाहीस." तिने पिठाचे हात पुसले आणि त्याचं मनगट अलगद धरलं. "त्या जड गोळ्या सोड, म्हणून वर्षभर घसा कोरडा केला मी. तुझी वही बघून बघून, तुला चोरून, लग्नाच्या वाढदिवसाला पन्नास हलकी काडतुसं भरून दिली. त्या दिवशी तीच नेली असतीस तर आज दहा बोटं असती. एकदा तरी उडवून बघितलीस का?"

"नाही गं," लाइल म्हणाला. "जपून ठेवलीत."