काकांची खिडकी

"कॅमेऱ्याची पावती खरी आहे," हवालदार म्हणाले, "पण तो जप्त करावा लागेल. काकांची तशी तक्रार आहे." शेजारचे काका अंगणात पाय रोवून उभे होते. "उष्णता टिपणारा कॅमेरा म्हणजे भिंतीआडचंही दिसणार. सुनेला घरात वावरायची चोरी झालीय." इमारतींमधली गळती शोधायच्या माझ्या नव्या धंद्यात तेवढं एकच यंत्र होतं. "आधी काकांनाच बघू द्या," मी म्हणाले. काकांनी कॅमेरा स्वतःच्याच खिडकीवर रोखला. बंद काचेमागे उभी असलेली सून साध्या डोळ्यांनाही दिसत होती. "काय दिसतंय?" हवालदारांनी विचारलं. काकांनी कॅमेरा आणखी पुढे धरला. हवालदारांनी वाकून स्क्रीनवर पाहिलं. सून कुठेच नव्हती. "काचेतून उष्णता आरपार येत नाही," मी म्हणाले, "आरशासारखी परत फिरते." स्क्रीनवर एकच लालसर माणूस दिसत होता, सुनेच्या खिडकीकडे कॅमेरा रोखून उभा.