दोराचं दुसरं टोक
कॅन्ससच्या नव्या मुलखात गुलाम आणू द्यायचे की नाही, यावर दोन्ही उमेदवार घसा बसेस्तोवर भांडले. मग मतं मोजायला रिवाजाप्रमाणे मैदानात आडवा दोर ताणला: गुलामगिरी हवी त्यांनी नदीच्या बाजूला उभं राहायचं, नको त्यांनी टेकडीच्या. दोराचं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं नदीकडचे उमेदवार कॅप्टन प्रूएट यांनी आपल्या गुलाम बाईच्या, झिल्फाच्या, हातात दिलं. "इतकी दुःखी असती तर दोर टाकून पळाली नसती का?" ते म्हणाले. नदीकडचे खो खो हसले. टेकडीकडचे आमचे उमेदवार म्हणाले, "गोऱ्या शेतकऱ्यांना जमीन मिळाली की झालं. हिचं तुमचं तुम्ही बघा." आमचेही हसले. आम्हा बायकांना मत नव्हतंच. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "हात भरून आले असतील गं, मी धरू का?" "नको, बाईसाहेब. माझा भाऊ धरेल. हा दोर त्यानंच वळलाय. वळता वळताच जीव गेला त्याचा." तिनं टोक सोडलं आणि टेकडीकडे चालू लागली. मी ओरडले नाही. डोकी मोजण्यावरून पुरुषांची हमरीतुमरी चालली होती. ती उंच गवतात दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे कॅप्टनच्या लक्षात आलं. "अरे, बघताय काय? पकडा तिला!" नदीकडचे धावले आणि दोराशी येऊन थबकले. दोर छातीच्या उंचीवर तसाच ताठ होता, आणि टोकाला कुणीच नव्हतं. कॅप्टननी तो ओढून पाहिला. पलीकडून हिसका बसला. टोकाकडून वळसा घालायला कुणी धजेना, आणि वाकायची सवय त्यांच्यातल्या एकालाही नव्हती.