हार घातलेला बोर्ड

दुसऱ्या प्रयोगाची तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि नायिकेला समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या. बाहेर मात्र ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड हार घालून उभा होता.

व्यवस्थापक पेडणेकरांनी विंगेतूनच शर्वरीला फोन लावला. तिकीटविक्रीचं नवं सॉफ्टवेअर तिनेच करून दिलं होतं. "अगं, दुपारपासून लोकांना परत पाठवतोय मी! कुठल्याही खुर्चीचा नंबर टाकला की तुझा कॉम्प्युटर म्हणतो, विकली. मीही हौसेने बोर्ड लावला!"

शर्वरीने कॉम्प्युटरवर तिकिटांच्या नोंदींचं टेबल उघडलं आणि कपाळावर हात मारला. प्रायमरी की म्हणून, म्हणजे टेबलात दुसऱ्यांदा येऊच न देण्याची ओळख म्हणून, तिने फक्त खुर्चीचा नंबर दिला होता. शुभारंभाला नटांच्या नातेवाइकांनी थिएटर भरलं आणि टेबलाच्या लेखी सगळ्या खुर्च्या कायमच्या विकल्या गेल्या.

"काका, चुकलंच माझं. खुर्ची तीच असली तरी प्रयोग दुसरा असतो. आता प्रयोग आणि खुर्ची, दोन्ही नंबर मिळून एक की केलीये. तीच जोडी पुन्हा आली तरच नाही म्हणेल."

पेडणेकरांनी तोंडाला येईल ते सुनावलं.

पुढच्या रविवारी त्यांचाच फोन आला. मागे तिकीट खिडकीवरचा गलका ऐकू येत होता. "परत गेलेल्यांनी गावभर सांगितलं, या नाटकाचं तिकीटच मिळत नाही म्हणून. आज खरंच हाउसफुल्ल झालं!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या महिन्यात नवं नाटक येतंय. दुसऱ्या प्रयोगापुरती तुझी ती जुनी की लावता येईल का गं?"